वाट चालणाऱ्यांची आणि वाट राखणाऱ्यांची

(सुपा, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर येथे गिरिभ्रमणाची आवड असलेल्या तरुणांपुढे झालेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)

पुण्याहून नगरकडे येताना सुप्याच्या परिसरात डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या दिसू लागतात. प्रवाशांची नजर त्यांच्या पात्यांवर खिळते. ज्या कवड्या डोंगरावर त्या उभ्या आहेत, त्याच्याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. त्यात पाहणाऱ्याचा फारसा दोष नाही. या डोंगराला रौद्र कडा नाही, धबधबा नाही, तटबुरूज नाहीत. चैत्र-वैशाखात तर खुरटे गवत आणि तापलेला मुरूम एवढेच त्याचे वैभव. परंतु महाराष्ट्राचा नकाशा समोर पसरला, तर या सामान्य दिसणाऱ्या डोंगराचे कुळ किती मोठे आहे ते ध्यानात येते. सह्याद्रीच्या मुख्य धारेतून हरिश्चंद्रगडापाशी एक रांग फुटते आणि आग्नेयेकडे सरकत पारनेरच्या पठारावरून नगर-बीडच्या दिशेने जाते. शाळेच्या पुस्तकात तिला हरिश्चंद्र-बालाघाट म्हणतात. गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांमधला पाणलोट तो हाच. पठाराच्या उत्तर अंगाला पडलेला पावसाचा थेंब मुळा-प्रवरेच्या वाटेने गोदावरीला मिळतो. सुप्याच्या बाजूचा थेंब हंगा नदीतून विसापूरच्या तलावात आणि पुढे घोड, भीमा करीत कृष्णेला. एका पठारावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची भेट मग थेट पूर्व समुद्रात.

याचा अर्थ असा की, शनिवारी रात्री येथून मोटारसायकली काढून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईला जाणारा तरुण एकाच डोंगराच्या शेपटाकडून त्याच्या मस्तकाकडे जात असतो. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा हा प्रवास तो अंधारात आणि वेगात करतो, म्हणून त्याला ते जाणवत नाही, इतकेच.

(सुपे म्हटले की पुष्कळांना शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीची आठवण होते. ते सुपे बारामती तालुक्यातले. या सुप्याला तो मान नाही. पण इतिहासाची वाण येथेही नाही, त्याविषयी पुढे.)

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत महाराष्ट्रात डोंगर चढणाऱ्यांची संख्या कल्पनेपलीकडे वाढली. एके काळी हा मोजक्या वेड्यांचा उद्योग होता. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार ही संस्था निघाली, पुण्यात १९८२ मध्ये गिरिप्रेमी. याच गिरिप्रेमीच्या मराठी मुलांनी २०१२ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्याही आधीपासून गो. नी. दांडेकरांसारखा लेखक खांद्याला पडशी लावून गडोगडी हिंडत होता आणि बाबासाहेब पुरंदरे कागदपत्रांतला इतिहास प्रत्यक्ष पायवाटांवर ताडून पाहत होते. या पिढीने मराठी मध्यमवर्गाला घराबाहेर काढले. आज औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली, खोली करून राहणारी मुले सुटीच्या दिवशी गड चढतात, ही आनंदाचीच गोष्ट मानली पाहिजे. घाम गाळून सूर्योदय पाहणाऱ्या तरुणाला नावे ठेवणे सोपे आहे. त्याच्या हातून सुटीच्या दिवशी याहून वाईट गोष्टी घडू शकल्या असत्या.

तरीही एक प्रश्न विचारावाच लागतो. डोंगरावर गेल्यावर जी वाट सापडते, जे पाणी मिळते, ज्या गुहेत पाठ टेकता येते, ते सारे कुणी करून ठेवले आणि ते पुढच्यासाठी राखायचे कुणी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. २०२४ मध्ये या जिल्ह्याला ज्या माउलीचे नाव मिळाले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्यांनी केलेल्या मंदिरांच्या जीर्णोद्धाराची चर्चा पुष्कळ होते, १७८० च्या काशी विश्वेश्वराची तर विशेषच. परंतु त्यांच्या कामांची यादी जरा बारकाईने पाहिली तर तिच्यात विहिरी, घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे पानोपानी भेटतात. ही सगळी चालणाऱ्यांची सोय आहे. तीही बहुतांशी स्वतःच्या राज्याबाहेर! काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर येथे जाणारा वाटसरू महेश्वरच्या दरबाराला एक पैचाही सारा देत नव्हता. तो कोण, कोठला, कोणत्या जातीचा हे अहिल्यादेवींना कधी कळणारही नव्हते. तो तहानलेला असेल एवढे त्यांना कळत होते. हे राष्ट्र एक आहे ही जाणीव या देशात सभा-संमेलनांतून पसरलेली नाही. ती चालणाऱ्यांच्या पायांनी आणि त्यांच्यासाठी विहिरी खोदणाऱ्यांच्या हातांनी पसरली. नरेंद्राचा विवेकानंद होत असतानाची वर्षे परिव्राजकाची होती आणि १८९२ च्या अखेरीस कन्याकुमारीच्या शिलेवर पोहोचण्यापूर्वी ज्या अनाम घरांनी त्या संन्याशाला भिक्षा घातली, त्यांची नोंद कुठेच नाही.

त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी आषाढीसाठी याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. दिंडीतले वारकरी काही गिर्यारोहक म्हणवून घेत नाहीत. पण शेकडो माणसांनी दररोज ठरलेला पल्ला चालायचा, ठरलेल्या ठिकाणी जेवायचे, मागे राहिलेल्या म्हाताऱ्याला सांभाळायचे आणि पुढल्या वर्षी त्याच गावाने पुन्हा आनंदाने दार उघडावे असे वागून निघायचे, ही विद्या त्यांच्याकडून शिकावी अशीच आहे.

आता हरिश्चंद्रगडाकडे वळू. समुद्रसपाटीपासून १४२४ मीटर उंचीचा हा गड अकोले तालुक्यात, म्हणजे याच जिल्ह्यात. माथ्यावर कातळात घडविलेले हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ, पलीकडे सप्ततीर्थ पुष्करणी आणि केदारेश्वराच्या गुहेतले भव्य शिवलिंग. त्याच्याभोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच धड उभा आहे आणि लिंगाला प्रदक्षिणा घालायची तर कमरेएवढ्या थंडगार पाण्यातून घालावी लागते. चांगदेवांनी येथे तप केले, असे परंपरा सांगते. लेणी आणि पाण्याची टाकी खोदणारे कारागीर कोण होते, हे सांगणारे आज कुणी नाही. पण छिन्नी-हातोड्याने काळा कातळ फोडून पाणी साठविणाऱ्या त्या माणसांनी शेकडो वर्षांनंतर येणाऱ्याची तहान भागविली, हे तर निर्विवाद!

त्या टाक्यांच्या काठी आज काय दिसते, हे सुटीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावे. शीतपेयांच्या बाटल्या, शेवयांची रंगीत पाकिटे, फाटके प्लास्टिकचे कागद आणि कधी कधी साबणाचा फेसही. गुहांच्या भिंतींवर नावे. कोकणकड्यावर पहाटेपर्यंत कर्णकर्कश गाणी. हे सारे करणारी मुले दुष्ट असतात असे मुळीच नाही. बहुतेकांच्या अंगरख्यावर छत्रपतींची मुद्रा असते आणि देवळात शिरताना ती पादत्राणेही काढतात. मग भक्ती आणि वर्तन यांच्यात हे अंतर का पडावे?

खुद्द स्वराज्यात याविषयी काय अपेक्षा होती, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात नोंदलेले आहे. १७१५ च्या सुमारासचा हा ग्रंथ. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, जास्तीची टाकी खोदून ते पाणी निकडीसाठी राखावे, असे अमात्य सांगतात. आणि त्याच ओघात, ज्या बारकाव्याची अपेक्षा राजनीतीच्या ग्रंथात कुणी करणार नाही तो येतो: गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो गडाखालीही लोटून देऊ नये, जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून भाजीपाला पिकवावा! हिंदवी स्वराज्याच्या अमात्याला कचऱ्याची चिंता होती. तीही गडाखालच्या उताराची धरून. (प्लास्टिक जाळायचे नसते हे अमात्यांना सांगण्याची वेळ आली नव्हती. ते सॅकमध्ये भरून घरी आणायचे.) जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून महाराष्ट्रातील ११ आणि तमिळनाडूतील जिंजी अशा १२ दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, तेव्हा सर्वत्र पेढे वाटले गेले. ते योग्यच झाले. पण हरिश्चंद्रगड, रतनगड त्या यादीत नाहीत म्हणून त्यांच्या टाक्यांचा केर काही आपोआप कमी होणार नाही.

पारनेरकरांना तर यासाठी दूरचे दाखले नकोतच. सेनापती बापट याच पारनेरचे, जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा. इंग्लंडमध्ये शिकायला गेलेला, बाँबची विद्या मिळवून परतलेला हा क्रांतिकारक गावी आल्यावर हातात झाडू घेऊन पारनेरच्या गल्ल्या झाडू लागला. मुलाच्या बारशाला पहिली पंगत बसविली ती त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची. मुळशीचा सत्याग्रह पुढचा. त्याच्या कितीतरी आधी ही झाडलोट झालेली आहे. ज्या तालुक्याने असा सेनापती पाहिला, तेथल्या तरुणाला दुसऱ्याने टाकलेली बाटली उचलण्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

स्वयंसेवकांना 'चंदन' हा शब्द अपरिचित नाही. शाखेच्या सहलीत प्रत्येकाने घरून डबा आणायचा, सगळे डबे एकत्र करायचे आणि मंडलात बसून वाटून खायचे. शब्द छोटा आहे, पण डोंगरवाटेवर त्याचा कस लागतो. औद्योगिक वसाहतीतल्या दहा-बारा मुलांचा गट डोळ्यांसमोर आणावा. कुणी पारनेरचा, कुणी परभणीचा, कुणी यवतमाळचा. एकाच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा, दुसऱ्याच्या डब्यात दशम्या, तिसऱ्याच्या आईने मुद्दाम करून दिलेले हुलग्याचे शेंगोळे; आणि खोलीवर एकटा राहणारा एखादा बिचारा बेकरीतला पाव घेऊन आलेला. पहिल्या घासापर्यंत कुणाचे काय ते ठाऊक असते. दुसऱ्या-तिसऱ्या घासानंतर ते विचारण्याचे कुणाला भानही राहत नाही. समरसतेवर व्याख्याने पुष्कळ होतात. येथे व्याख्यानाची सोयच नसते, तोंडात घास असतो!

वाटून घ्यायचे असते ते केवळ अन्न नव्हे. तंबू एकाकडे, तर त्याचे खांब दुसऱ्याकडे. पातेले तिसऱ्याकडे, दोर चौथ्याकडे. जो आपलेच ओझे वाहतो त्याला आपल्याच खांद्याचे दुःख कळते. रांगेत सर्वांत पुढे वाट जाणणारा आणि सर्वांत मागे गटातला सर्वांत अनुभवी, हा क्रम कधी मोडू नये. चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवायचा. हे ऐकायला सोपे वाटते. उत्साही मुलाला मात्र ते चढणीपेक्षा अवघड जाते. पाणी किती उरले हे प्रत्येक विसाव्याला मोठ्याने सांगायचे. वर्गणीचा हिशेब परतल्यावर सगळ्यांसमोर वाचायचा. चाळीस रुपये उरले असले तरी ते कुणाच्या खिशात आहेत हे सर्वांना ठाऊक हवे. सार्वजनिक जीवनात पुढे लाखांचे हिशेब ठेवावे लागतात, त्याची सवय येथे चाळीस रुपयांत लागते. मुली आणि कुटुंबे बरोबर असतील तर मुक्कामाची जागा आधी जाऊन पाहून येणारा एक जण असावा. आणि कुणाचा पाय मुरगळला, तर शिखर सोडून सगळ्यांनी खाली यायचे. त्यावर मतदान घ्यायचे नाही.

पैसे भरून, ओळखपाळख नसलेल्या पन्नास माणसांबरोबर बसमधून नेले जाणाऱ्या सहलींचे प्रस्थ आज मोठे आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, ते आवश्यकच होते. माणसांच्या जिवाशी व्यवहार होतो तेथे नियम हवेत. परंतु ज्या सहलीत शेजारी चालणाऱ्याचे नाव परतेपर्यंत कळत नाही, तिच्यातून व्यायाम घडतो. संघटन घडत नाही.

भंडारदऱ्याच्या परिसरातील काजव्यांचे उदाहरण याच प्रकारचे. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या तोंडावर, हिरडा-बेहड्याची झाडेच्या झाडे लुकलुकू लागतात. हा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद. मोटारींचे दिवे आणि विजेऱ्यांचे झोत पडले की ती साद पोहोचत नाही. जमिनीजवळ गवतात असलेल्या माद्या पायांखाली चिरडल्या जातात. काजवे पाहायला आलेला माणूसच काजव्यांची पुढची पिढी विझवून जातो आणि आपण निसर्गप्रेमी असल्याच्या समाधानात घरी परततो.

त्याच अकोले तालुक्यातील देवगाव हे आद्यक्रांतिकारक राघोजी भांगरे यांचे गाव. सह्याद्रीच्या कड्याकपारींत इंग्रजांना झुंजविणारा हा महादेव कोळी समाजातला वीर अखेर पकडला गेला तो पंढरपुरात, आणि २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ज्या वनवासी घरात गिरिभ्रमणाला आलेली मुले पिठले-भाकरी खातात, ते घर या परंपरेतले असू शकते. त्या घरच्या आजीला 'मावशी, लवकर वाढा' म्हणण्याआधी तिची चौकशी करावी, घासाघीस न करता पैसे द्यावेत. पाऊसकाळात वाट चुकलेल्यांना हुडकायला रात्री कंदील घेऊन निघतो तो तिचाच नातू असतो.

डोंगर चढण्याची विद्या समाजाच्या कामी येते तेव्हा तिचे मोल कळते. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. तीसच्या आसपास माणसे गेली. पाऊस, धुके आणि निसरडा कडा अशा स्थितीत दोर लावून दरीत उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूरकडचे गिरिभ्रमण करणारे तरुण. मृतदेह एकेक करून वर आणण्याचे ते काम ज्यांनी केले, त्यांनी कधी काळी हौस म्हणूनच दोराच्या गाठी शिकून घेतल्या असतील. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. ऐंशीहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता, यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. जे काही करायचे ते पायी चढून जाणाऱ्यांनीच. मदतीला धावलेल्या गिरिमित्रांना ती पायवाट पाठ होती. त्या वाडीत ते पूर्वी पाणी प्यायले होते, जेवले होते. ज्यांच्या अंगणात सॅक टेकविली, त्यांनाच मातीखाली शोधण्याची पाळी त्यांच्यावर आली.

सुप्यातल्या तरुणांनी हरिश्चंद्रगडाला अवश्य जावे. पण आधी आपला डोंगर पायांखाली घालावा. सुप्याहून पारनेर, पारनेरहून कान्हूर पठार आणि तेथून टाकळी ढोकेश्वर अशी तीन दिवसांची सावकाश चाल सहज होते. अगोदर एखादा दिवस राळेगणसिद्धीला द्यावा. अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतल्यावर तेथल्या उतारांवर पाणी कसे अडविले गेले, ते चर आणि बांध मोटारीतून कळत नाहीत. उतारावरून चालताना आपली पावले जेथे घसरतात, तेथेच पाणीही पळत असते हे समजते. दुसऱ्या एखाद्या सुटीत नगरच्या पूर्वेला भातवडीला जावे. १६२४ मध्ये मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून मोगल-आदिलशाही फौजांची दैना केली ती तेथे, आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजीराजे धारातीर्थी पडले तेही तेथेच. त्यांच्या समाधीपाशी जाणाऱ्यांची गर्दी होत नाही. निघोजच्या कुकडीतले रांजणखळगे तर घरच्याच अंगणातले म्हणायचे. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी युगानुयुगे घासून घडविलेले ते कातळ मळगंगेच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण पाहतो, पण पात्रात उतरताना शेवाळ सांभाळावे.

तीन दिवसांच्या या चालीसाठी गट बाराहून मोठा नसावा. पारनेरला मुक्काम सोपा. कान्हूर पठारावर मात्र गावकऱ्यांशी आधी बोलून ठेवावे, देवळाच्या ओवरीची परवानगी घ्यावी आणि पाण्याचे विचारूनच घ्यावे. त्या उंचवट्यावर पाण्याची दोन खोऱ्यांत फारकत होते. माथ्यावरच्या माणसाच्या वाट्याला मात्र दोन्हींतले थोडेच उरते. शेवटच्या दिवशी टाकळीच्या टेकडीवर ढोकेश्वराचे कोरीव शैवलेणे आहे. तेथे दुपारच्या आधी पोहोचले तर आत बसून डबे उघडण्याचा मोह होईल. तो टाळून खाली झाडाखाली बसावे आणि निघताना लेण्याच्या पायऱ्या एकदा झाडून घ्याव्यात. खराटा तेथल्या कुणाकडेही मागितला तर मिळतो. आणि ही चाल मार्गशीर्षात ठेवावी. ज्वारी तेव्हा पोटरीत असते, वारा गार असतो, विहिरींना पाणी असते. फाल्गुनानंतर ठेवू नये. पठारावरची गावे तेव्हा टँकरची वाट पाहत असतात आणि बारा पाहुण्यांच्या बाटल्या भरून द्यायला तीही नाही म्हणणार नाहीत.